सव्वीस पावलांचं कोर्ट

कार्तिक लागला की बालाघाटात दोरीवरचे कपडे स्वच्छ वाळत नाहीत. आमच्या घरामागे दोन राइस मिल आहेत. नवा धान आला की त्या दिवसभर चालतात आणि धानाचं तूस हवेवर उडत येऊन ओल्या कपड्यांना चिकटतं. झटकून झटकून नाकी नऊ येतात. नवरा म्हणतो, "आत वाळवत जा ना." मी म्हणते, "तुम्ही वाळवा." दरवर्षीचं भांडण आहे हे. यंदाही झालं. तो बोलला, मी उलटून बोलले, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला राग आलेलाच नाही. सवयीने तोंड चाललं होतं. मी ओढणी पुन्हा दोरीवर टाकली आणि आत आले.

भाद्रपदात माझे बाबा गेले. तेव्हापासून हे असं आहे. रडू आलं नाही, भूक मेली नाही, झोपही लागते. चौदाव्या दिवशी मी शाळेत गेले आणि बारावीला टायट्रेशन शिकवलं. रसायनशास्त्र शिकवते मी. ब्युरेटमधला आकडा डोळा सरळ धरून वाचायचा असतो, तो मी बरोबर वाचला. स्टाफरूममध्ये एकजण म्हणाली, "मैडम, एक बार रो लीजिए, हल्का लगेगा." अगं बाई, तो काय नळ आहे, फिरवला की आला? मी मान हलवली आणि वह्या तपासायला घेतल्या. कधीकधी मनात यायचं, आपण दगड आहोत की काय. तेही यायचं आणि जायचं.

तशात मेश्राम गुरुजींचा फोन आला. गुरुजी म्हणजे आमच्या गावच्या शाळेचे निवृत्त मास्तर, बाबांचे जन्माचे सोबती आणि आमच्या ग्राम टेनिस क्लबचे अर्धे मालक. उरलेले अर्धे बाबा होते.

"नंदा, हलका धान निंगाला," ते म्हणाले. "कोर्ट टाकाचा हाय."

"टाका ना मग."

"टाका म्हनते! माप कोन देईन? दरसाली तुया बाप दे. आता तुलेच याव लागते."

"गुरुजी, माझी शाळा आहे."

"पुनवेच्या आत कोर्ट नाही पडला त पंचायत जागा घेते. सरपंच काल पाहून गेला, त्याले धानाचे बोरे ठेवाले जागा पायजे. एकडाव बोरे पडले का मंग कोर्ट नाही न क्लब नाही. समजलं?"

समजलं. पाच दिवस उरले होते. मी रजेचा अर्ज लिहिला. जावंसं वाटत होतं असं काही नाही. नको असंही वाटत नव्हतं.

आमचं गाव तिरोडीच्या अलीकडे, महाराष्ट्राच्या शिवेला लागून. जमिनीच्या पोटात मँगनीज आणि पाठीवर धान. अर्धं गाव माइनमध्ये राबायचं, अर्धं बांध्यांमध्ये, आणि आमच्या बाबांसारखे काही दोन्हीकडे. अशा गावात टेनिस कुठून आलं, असं मला कॉलेजात सगळ्या विचारायच्या. साहेब लोकांनी आणलं, दुसरं कोण आणणार? माइनच्या साहेबांचे बंगले आमच्या गावाला लागून होते आणि बंगल्यांमागे त्यांचं कोर्ट होतं. पुढे बंगले दुसरीकडे हलले. कोर्टावर गवत आलं, गवतावर शेळ्या आल्या. बाबा तेव्हा माइनच्या सर्वे ऑफिसात चेनमन होते. म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी ओढत न्यायची आणि साहेब सांगेल तिथे खुंटी ठोकायची. गुरुजी नवे नवे शाळेवर आले होते. या दोघांच्या डोक्यात काय आलं देव जाणे, त्यांनी स्टोअरमध्ये पडलेली जाळी, तीन रॅकेटी आणि दगडी रूळ मागून आणला. दोघांपैकी एकानेही जन्मात चेंडू मारला नव्हता.

खेळ त्यांना शिकवला बंगल्याच्या म्हाताऱ्या खानसाम्याने. त्याने बिचाऱ्याने वीस वर्षं व्हरांड्यात ट्रे घेऊन उभं राहून खेळ पाहिला होता. त्यामुळे त्याला जे दिसलं ते सगळं आमच्याकडे नियम झालं. बाजू बदलताना चौघांनी निंबूपाणी प्यायचंच. तहान असो नसो, हिवाळ्यात दात वाजत असोत, प्यायचं. न पिता पलीकडे गेला तर गेम धरत नसत. पुढे गुरुजींनी कुठूनसं नियमांचं पुस्तक मागवलं, सगळं पुस्तक चाळलं, निंबूपाणी सापडलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "पुस्तक अर्धवट हाय." निंबूपाणी आजही चालू आहे.

पण खरं नवल कोर्टाचं होतं. साहेबांचं कोर्ट कसं असायचं मला ठाऊक नाही, आमचं खळ्यासारखं असायचं. आमच्याकडे धान झोडपायला दरवर्षी नवं खळं टाकतात, तसंच कोर्ट टाकायचे. पावसाळाभर ती जागा शेळ्यांची. हलका धान, म्हणजे लवकर येणारा, कापून झाला की गवत खणायचं, मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, आणि मग बाया शेणात धानाचा बारीक कोंडा कालवून सगळं सारवून काढायच्या. वाळलं की दोरी लावून चुन्याच्या रेघा. फाल्गुनापर्यंत खेळ, पुढे ऊन, मग पाऊस, मग पुन्हा शेळ्या. जाळी फाटली तर ढिवर विणून द्यायचे. ते त्यांच्या मासोळीच्या जाळीची गाठ मारायचे, त्यामुळे आमच्या जाळीला चेंडू लागला की तिथेच अडकून बसायचा.

सारवण वाळेपर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही. वाळल्यावर पहिला चेंडू मारायचा तो सारवणाऱ्या बाईने. हा मान कौसाबाईचा. मी लहान असल्यापासून तिचाच आहे. ती रॅकेट दोन्ही हातांनी धरायची, धानाची पेंढी झोडपतात तशी, आणि चेंडू थेट चिंचेच्या झाडापलीकडे घालवायची. सगळे टाळ्या वाजवायचे. मग नारळ फुटायचा आणि हंगाम सुरू.

आणि खळ्यावर जसं कुणी चपला घालून जात नाही, तसंच कोर्टावरही नाही. काठावर चपला काढायच्या, वाकून जमिनीला हात लावायचा, हात कपाळाला, मग खेळायचं. गुरुजी कपाळाला हात लावत नसत, "जय भीम" म्हणत आत येत. पण चपला तेही काढत. या अनवाणी प्रकाराची जी काय शोभा झाली ती बालाघाटात. मी नववीत होते. बालाघाटात स्पर्धा होती, सिमेंटच्या कोर्टावर. आमची जोडी गेली, बाबा आणि गुरुजी. मी आणि आई डबा घेऊन बघायला गेलो. मार्चचं ऊन, दुपारी दोनची वेळ. कोर्टाच्या काठावर आले आणि दोघांनी, न बोलता, चपला काढल्या. बाबा वाकले, हात लावला. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "अरे चाचा, मंदिर नहीं है!" सिमेंट तव्यासारखं तापलेलं. दोघं नाचत होते, खेळत कुठले? पण चपला घाला म्हटलं तरी घालेनात. एकही गेम न घेता हरून आले. बसमध्ये दोघांच्या तळव्यांना फोड, आई खोबरेल लावते आहे, आणि गुरुजी म्हणतात, "दामोधर, तुया बॅकहँड आज चांगला होता." बाबा म्हणाले, "पाय टेकत नव्हता म्हनून." मला तेव्हा लाज वाटली होती. खिडकीला नाक लावून बसले होते मी, जणू ही माणसं माझी नाहीतच. आज ते आठवतं, आणि लाजेची जागा रिकामी आहे.

मापाची गोष्ट सांगायची राहिली. टेनिसचं कोर्ट लांबीला अठ्ठ्याहत्तर फूट. बाबा नोकरीत होते तोवर ऑफिसची साखळी आणून माप देत. निवृत्त झाले, साखळी जमा झाली. मी म्हटलं मोजायचा फीता विकत आणू. तर म्हणाले, "चेनमनले फीता काहाले पायजे?" बाबांचं पाऊल बरोबर तीन फुटांचं होतं. आयुष्यभर साखळीच्या मागे चालून पाय तसा बसला होता. सर्वेवाले साहेब पैज लावून हरले होते म्हणे. सव्वीस पावलं लांबी, बारा पावलं रुंदी, मधोमध जाळी. सकाळी चुन्याचा डबा हातात घेऊन, मान सरळ ठेवून, मोठ्याने मोजत ते चालायचे आणि क्लबातले सगळे काठावर उभे राहायचे. तो एक सोहळाच होता. आमच्याकडे वरातीत नवरदेव इतका ताठ चालत नाही.

मी खेळायला लागले ती चौथा गडी आला नाही म्हणून. बाबांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "नंदे, ये वं." आई म्हणाली, "पोरगी हाय ते." बाबा म्हणाले, "मंग? चेंडूले का समजते?" तेवढंच बोलणं झालं त्या विषयावर. त्या हिवाळ्यात माझ्या तळपायांना सारवणाचा वास यायचा, शाळेत बाकाखाली पाय लपवायची मी. लग्न होऊन बालाघाटला आले तरी दरवर्षी डिसेंबरात आठ दिवस जाऊन खेळायचीच. सासरी म्हणायचे, माहेरची ओढ आहे. असेल. मला तर त्या वेळी फक्त माझी सर्व्हिस सुधारायची होती.

सात-आठ वर्षांपूर्वी अशीच डिसेंबरात गेले, आणि माझे चेंडू बाहेर पडायला लागले. एक, दोन, पाच. चांगले मारलेले चेंडू. मला वाटलं, वय झालं, अंदाज चुकतो आहे. मग निंबूपाणी पिताना सहज काठाकाठाने चालले आणि डोक्यात काहीतरी खटकलं. कोर्ट आखूड होतं. मी रेघेकडे पाहत उभी, तोंड उघडणार तोच गुरुजींनी मला चिंचेखाली ओढलं.

"चूप राय," ते म्हणाले.

"गुरुजी, अहो हे कोर्ट..."

"मालूम हाय. सगळ्याईले मालूम हाय. तुया बापाचं पाऊल आखूड झालं. मोजते सव्वीसच, पन पाय पुरत नाही आता. दरसाली अर्धा-एक हात आत येते कोर्ट. आमी हळू मारून राह्यलो. तूई हळू मार. त्याले सांगशीन त मरून जाईन तो."

मी हळू मारायला लागले. काय करणार? सगळा क्लब वर्षानुवर्षं एका माणसासाठी दम राखून मारत होता आणि त्या माणसाला पत्ता नव्हता. परत येताना बसमध्ये मला भरून आलं होतं. तेव्हा यायचं मला भरून. त्या दिवसापासून माझ्या मनात बाबा म्हातारे झाले. पायऱ्या उतरताना मी त्यांचा कोपर धरायला लागले. बाजारात म्हणायची, तुम्ही बसा, मी आणते. ते माझ्याकडे जरा बघायचे आणि धरू द्यायचे, बसायचे.

तर यंदा मी गावी गेले. बसमधून उतरले तेव्हा शिवारात दोन्हीकडे कापलेला धान पडला होता, काही ठिकाणी पुंजणं रचून झालं होतं, म्हणजे पेंढ्यांची उंच गंजी. त्या वासाने पूर्वी माझी पावलं भराभर पडायची. वास आला, ओळखला, चालत राहिले. घराचं कुलूप काढलं, झाडलं, बाबांच्या खाटेवरची गादी उन्हात टाकली. शेजारीण दारात येऊन रडून गेली. मी तिला पाणी दिलं.

कोर्टाच्या जागेवर गवत खणून झालं होतं, मुरूम पसरून रूळ फिरला होता. हे सगळं क्लबातल्या पोरींनी केलं होतं. आता क्लबात पोरीच जास्त आहेत. त्यांची म्होरकी रोशनी, अकरावीत आहे, उंच, बोलायला तिखट. मराठी तिला समजते पण बोलत नाही.

"दीदी, इस बार पूरा नाप चाहिए," ती पहिल्या झटक्यात म्हणाली. "जनवरी में बालाघाट में ट्रायल है. यहाँ छोटे में खेलके जाएँगे तो हर बॉल नेट में जाएगी वहाँ."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते चिंचेखाली खुर्चीवर बसले होते, उजवा पाय लांब करून. मला वाटलं, आता हे म्हणणार, दामोधरचंच माप ठेवू. पण ते उठले. खुर्चीच्या हाताला रेटा देऊन उठले आणि म्हणाले, "बराबर म्हनते पोरगी. पुरा टाक, नंदा. ज्याच्यासाठी हळू मारत होतो तो गेला. दहा वर्षं हात दाबून खेळलो मी. आता पाह्य मी कसा मारतो ते."

त्यांचा आवाज भरून आला होता. माझा नाही. मी पिशवीतून नवा फीता काढला. बालाघाटात स्टेशनाजवळ घेतला होता, येताना.

सकाळी लवकर मोजायला गेले. कौसाबाई एकटीच होती, शेण कालवत बसली होती. तिने फीता पाहिला, माझ्याकडे पाहिलं, हात थांबले तिचे.

"बाई, पुरा टाकता का?"

"हो. गुरुजीच म्हणाले."

"म्हनतीन. त्याईले का मालूम?"

"काय मालूम?"

ती उठली, पदराला हात पुसले, आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाली, "बाबूजी दरसाली दोन डाव मोजे. सगळे याच्या पयले, बम सकाळी. मी इथं शेन कालवत राहो. एकटे येये, पुरे सव्वीस पावलं टाके, लांब लांब. खुट्या गाडे. मंग त्याच खुट्या उपटे न आत आने. मी म्हटलं, बाबूजी हे काय? त म्हने, गुरुजीचा गुडघा गेला कौसे. पुरा कोर्ट त्याच्यानं निंगत नाही. लहान केला म्हनून सांगतलं त खेळनच सोडून देईन, असा आडमुठ मानूस हाय तो. मंग लोकं आले का बाबूजी बारीक बारीक पाय टाकत मोजे, त्या आतल्या खुट्यापर्यंत. मले म्हने, कोनाले सांगजो नोको."

"मग आता मला का सांगितलंस?"

"तुमी माप देऊन राह्यल्या म्हनून."

मी फीता हातात घेऊन उभी होते. बारीक बारीक पाय. म्हणजे सगळ्या गावासमोर, दरवर्षी, मान सरळ ठेवून ते म्हातारपणाचं सोंग करत होते. आणि मी त्यांचा कोपर धरत होते. तेव्हा ते माझ्याकडे जरा बघायचे ते काय होतं, हे आता मला कोण सांगणार? गुरुजी समजत होते की आपण दामोधरला सांभाळतो. दामोधर गुरुजींना सांभाळत होते. आणि दोघंही एकमेकांना कळू न देता हळू मारत होते. दहा वर्षं! वेड्यांचा बाजार नुसता.

मला त्या जागी हुंदका यायला हवा होता. मी वाट पाहिली. खरंच थांबून वाट पाहिली. आला नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली, की आता कधीच येणार नाही, बाबा असे न रडताच आपल्या हातून निघून जाणार.

"कौसाबाई, मग काय करू मी? आत घेऊ?"

"मी का सांगू, बाई? मी सारवतो. तुमी जिथं खुटी ठोकसान तिथवर सारवतो."

पोरींना पूर्ण कोर्ट हवं होतं आणि त्यांचा हक्क होता. गुरुजींनी भर क्लबात छाती ठोकून सांगितलं होतं. आत घ्यायचं तर कारण द्यावं लागणार, आणि ते कारण द्यायचं नाही असं बाबांनी सांगून ठेवलेलं. इकडे आड तिकडे विहीर. मी अठ्ठ्याहत्तर फूट मोजले आणि चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या. हातोडीचा आवाज तेवढा मोठा वाटला. कौसाबाई आणि तिघी बाया मागे सरकत सरकत सारवत गेल्या, दुपारपर्यंत सगळी जागा ओली हिरवी झाली. मी घरी जाऊन भाकरी-भाजी खाल्ली.

दोन दिवसांत वाळलं. पुनवेच्या सकाळी चुन्याच्या रेघा पडल्या. सरपंच येऊन बघून गेला. त्याच्या धानाच्या पोत्यांना आता दुसरी जागा शोधावी लागणार होती. कौसाबाईने पहिला चेंडू मारला, तो या वेळी चिंचेपर्यंतच गेला. नारळ फुटला. गुरुजींनी चपला काढल्या, "जय भीम" म्हणाले आणि मला म्हणाले, "चाल, आपली जोडी." समोर रोशनी आणि तिची मैत्रीण.

पहिल्याच गेममध्ये दिसलं. रोशनीने चेंडू लांब टाकला, मागच्या रेघेपाशी. गुरुजी धावले. धावले म्हणजे तीन पावलं गेले, चौथ्याला गुडघा वाकला आणि ते रॅकेट टेकवून उभे राहिले. दुसरा चेंडू तसाच. तिसऱ्याला ते गेलेच नाहीत. पोरी घाबरून हळू मारायला लागल्या तसे ते खेकसले, "जोरानं मारो! क्या खिला रही हो बच्चे को?" बाजू बदलायची वेळ झाली. निंबूपाण्याचा पेला हातात घेऊन ते मागच्या रेघेकडे बघत राहिले.

"नंदा, इतला लांब होता का पयले?"

"हो, गुरुजी."

"मी त इतल्यात खेळूच नसतो शकलो. गुडघा जाऊन दहा वर्षं झाले." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "न दामोधर त मराच्या महिन्यातई तिरोडीच्या बजारात पायी जाये. मी सायकल घेऊ म्हटलं त मले डबलसीट बसवून ने."

मी पेल्यात बघत होते.

"त्याचं पाऊल कुठं आखूड होतं वं?"

सांगायचं नाही असं ठरलेलं होतं. पण न बोलणंही कधीकधी बोलण्यासारखंच असतं, मास्तरला तर ते लगेच कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कौसाबाईकडे. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"बदमाश," गुरुजी म्हणाले. "साला बदमाश." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. पोरी बघत होत्या. कुणी हसलं नाही.

मी म्हटलं, "गुरुजी, आत घ्यायच्या का खुंट्या? उद्या घेऊ. पोरींना सांगते मी."

"बिलकुल नाही. पोरींले पुरा खेळू दे. मी जाळीपाशी उभा राह्यतो, मागचं तू पाह्य." पेला ठेवला, नाक पुसलं. "न डाव्या बाजूनं राय. तो डाव्या बाजूनं राहे."

मी डावीकडे, मागे जाऊन उभी राहिले. तिथून गुरुजींची पाठ दिसत होती, जरा उजवीकडे कललेली, आणि घामाने ओला झालेला सदऱ्याचा पट्टा. बाबांना सगळी वर्षं हेच दिसत असणार. रोशनीने सर्व्हिस केली, मी परत दिली, तिने उंच उचलून मारला. चेंडू गुरुजींच्या डोक्यावरून माझ्या बाजूला यायला लागला. गुरुजींनी मान वर केली, हात उचलला नाही, आणि मागे न बघता, चाळीस वर्षांच्या सवयीने ओरडले,

"दामोधर, तुया!"

"हौ," मी म्हटलं.

आणि मला चेंडू दिसेनासा झाला. तो माझ्या शेजारी पडून उसळला आणि मागे गेला असणार, कारण रोशनीने तिकडून गुण मोजला. मी तोंडावर हात धरून, अनवाणी, त्या सारवलेल्या जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले. कुणी जवळ आलं नाही. गुरुजीही वळले नाहीत. ते पोरींना एवढंच म्हणाले, "रुको जरा. उसका होने दो."